उशिरा हसणारी बाई

स्टुडिओत तिला सगळे चाळणी म्हणत. जुनी भाषणं, जुनी नाटकं, कुणाच्या तरी आजोबांनी गायलेली गाणी, काहीही तिच्या टेबलावर यायचं आणि स्वच्छ होऊन जायचं. खोकला, खुर्चीची करकर, पंख्याची घरघर बाजूला, कामाचा आवाज तेवढा खाली. या नावाचा तिला राग नव्हता. उलट जरा ताठाच होता, आणि ताठ्यात झालेली चूक सहसा लहान नसते.

त्या सकाळी ती चहाचा कप घेऊन लोकांच्या प्रतिक्रिया वाचत बसली होती. 'भूत बंदोबस्त मंडळ' या जुन्या मालिकेचं आता कार्टून येत होतं, आणि त्याआधी लोकांना आठवण करून द्यावी म्हणून कंपनीने कार्टूनच्या जाहिरातीसोबत मूळ मालिकेतले तुकडे साफसूफ करून इंटरनेटवर टाकले होते. साफसफाई चाळणीची. हे काम तिने मागून घेतलं होतं, कारण मालिकेतले साहेब म्हणजे तिचे सासरे.

मालिका अशी होती: एक पडकं ऑफिस, त्यात एक फोन, आणि त्या फोनवर लोकांच्या भुतांबद्दलच्या तक्रारी. तक्रार आली की मंडळाचे साहेब आधी टेबलाखाली जायचे आणि मग कामगिरीवर. भुतांना ते थरथर भ्यायचे, पण त्याहून जास्त भ्यायचे ते असभ्यपणाला. त्यामुळे भूत पुढ्यात उभं राहिलं तरी साहेब घाम पुसत त्याला म्हणायचे, "अहो, उभे का? बसा ना." एवढं बोलून साहेब प्रेक्षकांकडे एक नजर टाकायचे. मान जराशी वाकडी, एक भुवई वर, आणि चेहऱ्यावर असा भाव की आता आपलं काही खरं नाही. त्या एका नजरेवर माणसं फिदा होती.

प्रतिक्रिया ढिगाने आल्या होत्या. "भूत निळं का केलंय? आमच्या वेळी भूत म्हणजे चादर, आणि तिलाही इस्त्री नसायची." "साहेबांचं पोट कुठे गेलं? कार्टून झालं म्हणून काय माणसाने उपाशी राहायचं?" "माझी मुलगी सकाळपासून कपाटाला बसा ना, बसा ना म्हणते आहे. कार्टूनवाल्यांना धन्यवाद आणि तळतळाट, दोन्ही." चाळणी एकटीच हसत होती. मग तिला ती ओळ दिसली.

"कार्टूनचं जाऊ दे. जुन्या भागांतली उशिरा हसणारी बाई कुठे गेली?"

त्या एका ओळीखाली जत्राच भरली होती. सगळ्यांना ती बाई आठवत होती. सगळे हसायचे, हसू विरायचं, साहेब ती नजर टाकायचे, आणि मग अगदी शेवटी, सगळं शांत झाल्यावर एकटी बाई हसायची. आधी नाकातून, मग मोकळं. कुणी म्हणे, तिला विनोद उशिरा कळत. कुणी म्हणे, ती पैसे देऊन आणलेली होती आणि तिला इशारा उशिरा मिळे. एकाने तर छातीठोकपणे लिहिलं होतं की त्या स्टुडिओत खरंच एक भूत होतं आणि ते हेच. आणि खाली दातांच्या कुणा डॉक्टरांनी लिहिलं होतं, "ज्याने कुणी ती बाई पुसली, त्याच्या दाढा माझ्याकडे येवोत."

चाळणीच्या हातातला चहा तसाच राहिला. ती बाई तिला चांगलीच आठवत होती. प्रत्येक भागात नको तिथे तडमडायची. 'हिला एकदा तरी वेळेवर हसता येऊ नये?' असं पुटपुटत चाळणीनेच तिला उचलून फेकून दिलं होतं, प्रत्येक भागातून, हाताने, निगुतीने, जशी ती खोकले आणि शिंका फेकायची.

संध्याकाळी जेवताना तिने नवऱ्याला ही गंमत सांगितली. सासरे आतल्या खोलीत रविवारसाठी कोट काढून ब्रश करत होते. रविवारी एका जुन्या थिएटरात जाहीर कार्यक्रम होता: मूळ मालिकेचा पहिला भाग मोठ्या पडद्यावर, आणि त्याच्यामागोमाग कार्टूनचा पहिला भाग. सासरे मानाचे पाहुणे.

नवऱ्याने आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"ती आई आहे."

"कोण?"

"ती बाई. आई आहे माझी. तुला माहीत नव्हतं?"

"मला कसं माहीत असणार? मी कुठे भेटलेय त्यांना?"

"घरात सगळ्यांना माहीत आहे."

"घरात सगळे म्हणजे तुम्ही दोघं. आणि तुम्ही दोघं बोलता कधी?"

नवरा शाळेत असताना त्याची आई गेली, आणि तेव्हापासून बापलेकांनी तिच्याबद्दल मूग गिळले ते गिळलेच. भिंतीवर एक फोटो, त्यात ओठ मिटलेली एक बाई, एवढीच चाळणीची सासूशी ओळख. आवाज तिने ऐकलेला नव्हता. ऐकला होता, पण कुणाचा आहे ते न कळताच काढून टाकला होता.

नवऱ्याने हळूहळू सांगितलं. त्या काळी मालिकेला भाड्याचे प्रेक्षक परवडत नसत. चित्रीकरणाच्या दिवशी नटांनी आणि कामगारांनी आपापल्या घरची माणसं आणायची, शेजारीपाजारी आणायचे, त्यांना बाकांवर बसवायचं, आणि जे हसू येईल ते मालिकेत जायचं. छताला टांगलेला माईक नेमका पहिल्या रांगेवर यायचा, आणि पहिल्या रांगेत आई बसायची. पुढे मालिका वर्षानुवर्षं कुठेच दाखवली गेली नाही. घरात तिच्या आवाजाची दुसरी काही नोंद नाही.

"म्हणून बाबा कोट घासतायत," नवरा म्हणाला. "कार्टूनसाठी नाही. त्यांना वाटतंय, जुने भाग परत आले म्हणजे ती पण परत ऐकू येईल. तुझ्याकडे मूळ आवाज असेलच ना?"

मूळ आवाज चाळणीकडे नव्हता. काम पसंत पडल्याचं कळलं की ती कच्ची प्रत पुसून टाकायची, ही तिची शिस्त. सकाळी पहिलं काम म्हणून तिने कंपनीत फोन केला. तिथल्या निर्मात्याने खुशीत सांगितलं की त्या बुरसटलेल्या फितींची केव्हाच विल्हेवाट लावली, आता तुमची स्वच्छ प्रत हीच मूळ. फोन ठेवल्यावर ती खुर्चीतच बसून राहिली आणि एका मेलेल्या बाईला आपण दुसऱ्यांदा घालवलं, हा एकच विचार तिच्या डोक्यात घण घालू लागला.

तेवढ्यात सासऱ्यांचाच फोन आला. ते फोनवर कधी लांबण लावत नसत.

"अगं, एक विचारायचं होतं. रविवारी कुठला भाग दाखवणार आहेत?"

"पहिला, बाबा. कपाटातला पाहुणा."

"तो होय," ते म्हणाले. "तोच का? बरं. तोच असू दे." आणि मग जरा घुटमळत, "पहिल्या रांगेचा आवाज ठेवलायस ना? काही लोक अगदीच धुऊन काढतात, म्हणून विचारलं."

"ठेवलाय, बाबा."

खोटं बोलून झालं होतं. आता मागे फिरायला जागा नव्हती. रविवारपर्यंत तो आवाज कुठून तरी पैदा करणं भाग होतं.

दाढांची धमकी देणारे ते डॉक्टर शोधायला अवघड गेले नाहीत. दवाखान्याच्या पाटीवरच साहेबांचं चित्र होतं, टेबलाखाली लपलेलं, आणि खाली लिहिलं होतं, 'घाबरू नका, आम्ही पण घाबरतो.' आत रोगी गाल धरून ओळीने बसले होते आणि कोपऱ्यातल्या टीव्हीवर मालिकेची गाणी चालू होती. डॉक्टर हातमोजे काढतच बाहेर आले. गोल चेहऱ्याचे, हसरे, आणि या विषयावर अजिबात न हसणारे.

"तुम्हीच का ती?" त्यांनी विचारलं. "साफ करणारी?"

"मीच."

"बसा. नाही, त्या खुर्चीत नको, ती दाढ काढायची आहे."

तिने त्यांना सगळं सांगितलं, बाई कोण ते सोडून. तेवढं सांगायला तिची जीभ रेटली नाही. डॉक्टरांनी लहानपणी टीव्हीवरून बरेच भाग टेप केले होते, पण त्यांच्या थोरल्या भावाने पुढे त्याच टेपांवर फुटबॉलचे सामने भरून ठेवले होते. या गोष्टीवरून दोघा भावांमध्ये अजून बोलणं नव्हतं. एकच टेप वाचला होता, आणि त्यात एकच भाग, 'आरशातलं भूत'. तोही शेवटाकडे फाटका.

आतल्या खोलीत, दातांच्या साच्यांच्या कपाटाशेजारी, तो टेप लागला. चित्र पावसासारखं झिरझिरत होतं. साहेब आरशातल्या भुताला म्हणाले, "अहो, तिकडे अडचण होत असेल, इकडे या ना." खोलीभर हसले लोक. हसू ओसरलं. साहेबांनी ती नजर टाकली, मान वाकडी, भुवई वर. आणि मग ती हसली. आधी नाकातून, मग मोकळं, आणि शेवटी हसता हसता एक लहानसा ठसका.

इतक्या वेळा ऐकलेलं हसू चाळणी पहिल्यांदा ऐकत होती. भिंतीवरच्या फोटोतली बाई अशी हसत असेल असं तिच्या स्वप्नातही आलं नसतं.

"बघा," डॉक्टर म्हणाले. "घरी आमच्याकडे कुणी हसायचं नाही. मी या बाईची वाट बघायचो. ती हसली की मी हसायचो."

टेप घेऊन ती स्टुडिओत परतली. त्या फाटक्या भागात तेवढं एकच हसू धड निघालं. ते तिने धुतलं, घासलं, आणि 'कपाटातला पाहुणा'मध्ये नेमक्या जागी बसवलं. साहेब कपाटातल्या भुताला म्हणतात, "अहो, उभे का? बसा ना. घर आपलंच आहे." भूत म्हणतं, "माहीत आहे. मीच बांधलंय." लोक हसतात. साहेब ती नजर टाकतात. तिथे बरीच मोठी मोकळी जागा होती, इतर भागांत असायची त्याहून मोठी. 'इथून मी काढलेलं हसू चांगलंच लांब असणार,' तिने मनाशी म्हटलं. कधी, कसं काढलं ते तिला आठवेना. एका दमात इतके भाग चाळले होते की सगळे एकमेकांत मिसळले होते. हसू त्या जागेत चपखल बसलं. ठसका तेवढा तिने मुद्दाम ठेवला, खरेपणासाठी.

नवऱ्याने ऐकलं आणि तोंडावर हात धरून गॅलरीत निघून गेला. परत आल्यावर म्हणाला, "बाबांना कळायचं नाही." चाळणीला तेवढं वाक्य हवं होतं. तिने नवी प्रत त्याच रात्री कंपनीकडे पाठवली.

रविवारी दुपारी थिएटर भरून वाहत होतं. जुने प्रेक्षक डोक्यावर साहेबांसारख्या टोप्या घालून आले होते, आणि त्यांची नातवंडं निळी भुतं छातीवर छापून. दाराशीच दोन तट पडले होते. एक आजोबा कार्टूनच्या चित्राकडे बोट दाखवून "याला साहेब म्हणायचं?" असं जो सापडेल त्याला विचारत होते, आणि त्यांची नात "आजोबा, तुमचा साहेब तर काळापांढरा आहे" म्हणून त्यांना गप्प करत होती. सासरे दोन्ही तटांशी नम्रपणे वागले. कुणी फोटो मागितला की कोटाची बटणं लावायचे, कुणी फर्माईश केली की "बसा ना" म्हणून दाखवायचे. पण त्यांचं लक्ष नव्हतं. अंधार होताच त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. चाळणी त्यांच्या शेजारी बसली होती.

भाग सुरू झाला. आश्चर्य म्हणजे लहान मुलंही हसत होती. चादरीचं भूत त्यांना निळ्यापेक्षा जास्त भावलं होतं. कपाट उघडलं. "अहो, उभे का? बसा ना. घर आपलंच आहे." "माहीत आहे. मीच बांधलंय." मालिकेतले प्रेक्षक हसले, थिएटर हसलं. मग पडद्यावर तरुण सासऱ्यांनी मान वाकडी केली, भुवई वर नेली, आणि सगळं गप्प झालं.

ती हसली. आधी नाकातून, मग मोकळं.

थिएटर अक्षरशः फुटलं. पुढच्या रांगेतून डॉक्टर उठून उभे राहिले आणि "आली, बाई आली" म्हणून शेजाऱ्याला मिठ्या मारू लागले. टाळ्या पडल्या, शिट्ट्या झाल्या, पुढचे दोन संवाद कुणालाच ऐकू गेले नाहीत. कंपनीचा निर्माता लांबून चाळणीकडे बघून अंगठा दाखवत होता. चाळणीने सासऱ्यांकडे वळून पाहिलं.

ते पडद्याकडे बघत नव्हते. ते पहिल्या रांगेकडे बघत होते. चेहरा पांढराफटक, ओठ उघडे, आणि मान जराशी वाकडी. आयुष्यभर खोट्या भुतांना भिण्याची नोकरी केलेला माणूस आज खरा भ्याला होता, आणि ते ओळखायला चाळणीला दिव्याची गरज पडली नाही.

नंतर कार्टून लागलं. ते वाईट नव्हतं. मुलं खदखदा हसली, म्हातारे आधी कुरकुरले आणि मग नातवंडांकडे बघत हसले. फक्त त्यात साहेब ती नजर टाकत नव्हते. विनोद झाला की लगेच पुढचा विनोद, मध्ये श्वास घ्यायलाही सवड नाही. सासरे अखेरपर्यंत बसून राहिले, टाळ्यांच्या वेळी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर कोट काढून ठेवताना ते एवढंच म्हणाले, "उद्या तुझ्या स्टुडिओत येऊ का गं मी?"

"या ना, बाबा."

रात्रभर ती या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली.

सकाळी ते तिच्या आधी तयार होते. स्टुडिओत आल्यावर त्यांनी तिथली फोमची भिंत बोटाने दाबून पाहिली, खुर्ची ओढून घेतली आणि म्हणाले, "कपाट लाव."

तिने लावलं. हसू आलं, ठसक्यासकट. तिने थांबवलं. ती त्यांच्याकडे बघू शकली नाही.

"हे आरशाच्या भागातलं आहे," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "त्या आठवड्यात तिला खोकला झाला होता. मी म्हटलं होतं, येऊ नकोस. तरी आली. हे इथे कुठून आलं?"

मग चाळणीने सगळं सांगितलं. काहीही राखून ठेवलं नाही. त्या बाईवर वैतागून तिला कशी काढली, फिती कशा गेल्या, कच्ची प्रत कुणी पुसली, दातांचे डॉक्टर, त्यांचा भाऊ, फुटबॉल.

"म्हणजे बाकी सगळी गेली?"

"गेली, बाबा. हे एवढंच राहिलंय."

ते कितीतरी वेळ त्या यंत्रावरच्या लहान दिव्याकडे बघत बसले. चाळणीला वाटलं, ओरडले असते तर बरं झालं असतं.

"वाईट केलंस," शेवटी ते म्हणाले. "मुद्दाम नाही केलंस. पण वाईट केलंस." आणि जरा थांबून, "आणि हे त्याहून वाईट. इथे ती हसली नव्हती."

"म्हणजे?"

"अगं, तो विनोद माझा नव्हताच. एकदा ती झोपेतून उठली, अर्धवट जागी. कपाटाच्या दाराला माझा ओव्हरकोट टांगलेला. तिला वाटलं कुणी आलंय. त्या कोटाला म्हणाली, अहो, उभे का, बसा ना. खुर्ची पण ओढून दिली त्याला. मी पांघरुणात हसून हसून मेलो. आणि तिला एका शब्दाने न विचारता ते मालिकेत घातलं." त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "पहिल्याच भागात. सगळी गल्ली बाकांवर बसलेली. सगळे हसले. ती पहिल्या रांगेत, माईकच्या बरोबर खाली, ओठ मिटून. मी तिच्याकडे पाहिलं, म्हटलं, आता आपलं काही खरं नाही. ती नजर, लोक म्हणतात ना, काय अभिनय. तो अभिनय नव्हता. मी बायकोकडे बघत होतो."

चाळणी ऐकत राहिली. ती एवढी मोठी मोकळी जागा. तिथून तिने काहीच काढलं नव्हतं, कारण तिथे काढायला काही नव्हतंच.

"दिग्दर्शक म्हणाला, दर भागात तसंच बघ. मग मी दर भागात तिच्याकडेच बघायचो. आणि ती मला तंगवायची. सगळे हसून मोकळे झाले तरी ही गप्प. माझी पाचावर धारण बसायची. मग हसायची. विनोदाला नव्हती हसत ती. विनोद तिला घरीच पाठ झालेले असायचे. माझ्या तोंडाला हसायची." ते स्वतःशी हसले आणि लगेच गंभीर झाले. "तुझ्या चाळणीतून सगळं पडून गेलं. पण तिचं हे रुसणं राहिलं होतं. त्याला काय पुसणार तू? काल मी तेवढं ऐकायला आलो होतो. म्हटलं, हसलेली नंतर ऐकू, आधी रुसलेली बघू. आणि तिथे ती हसली. मला वाटलं, मला वेड लागलं."

चाळणीने डोळे पुसले. तिला सासूला भेटल्यासारखं वाटलं, आणि पहिल्याच भेटीत आपण तिच्या तोंडात भलतंच हसू कोंबलं याची शरमही वाटली.

"काढते मी ते, बाबा. पण कंपनी हाच भाग आज इंटरनेटवर टाकणार आहे. निर्मात्याने सकाळीच फोन केला होता. लोकांना फार आवडलं म्हणाला. काढलं तर पुन्हा बोंब होईल. पुन्हा विचारतील, बाई कुठे गेली."

"सांग, रुसलीय."

तिने निर्मात्याला फोन लावला. तो आधी समजावणीवर आला, मग चिडला, मग म्हणाला की लोकांनी शिव्या घातल्या तर त्या तुमच्या नावाने. चाळणी म्हणाली, चालेल. फोन ठेवून तिने आरशातलं हसू कपाटातून उचललं आणि वेगळं जपून ठेवलं. या वेळी तिने त्याच्या चार प्रती केल्या आणि एक सासऱ्यांच्या खिशात दिली.

मग तिने 'कपाटातला पाहुणा' पुन्हा लावला.

"अहो, उभे का? बसा ना. घर आपलंच आहे."

"माहीत आहे. मीच बांधलंय."

सगळी गल्ली हसली. हसू ओसरलं. पडद्यावर साहेबांनी मान वाकडी करून पहिल्या रांगेकडे पाहिलं, आणि पहिल्या रांगेतून काहीही आलं नाही. ते काहीही न येणं लांबत गेलं. खुर्चीतल्या म्हाताऱ्या माणसाचीही मान हळूच वाकडी झाली, एक भुवई वर गेली.

"हां," ते म्हणाले. "आता बरोबर रुसली."

आणि पुढचा संवाद सुरू व्हायच्या आत त्यांनी हात वर करून चाळणीला ते पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं.